डिझेल सांडलेली माती आणि घरी राहिलेला वजनकाटा

अंटार्क्टिकावरच्या तळाजवळ सांडलेल्या डिझेलची माती जीवाणूंकडून साफ करून घ्यायची, तर सोबत काय न्यायचं त्याची ही यादी. हातमोजे, गॉगल, फावडी, पिंपं यांवर शब्द घालवत नाही. ते विसरणारा माणूस अंटार्क्टिकाला पोचतच नाही. मी विसरलो ते मातीतला ओलावा मोजायला. मोजणार कशाने, काटाच नेला नव्हता.

परवानग्या आधी. अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्यासाठीच्या १९९१च्या माद्रिद करारामुळे बाहेरचे जीवाणू तिथे मनाला येईल तसे नेता येत नाहीत. तेल खाणाऱ्या जीवाणूंची ती बाजारातली पावडर घरीच ठेवा. तिथल्या मातीत डिझेल खाणारे जीवाणू असतातच. त्यांना नत्र आणि स्फुरद कमी पडतं, तेवढं द्यायचं. किती द्यायचं? ओलावा मोजा, मग विचारा.

खत विरघळतं ते मातीतल्या पाण्यात. किलोभर मातीला १०० मिलिग्रॅम नत्र दिलं आणि ओलावा १० टक्के असला, तर त्या पाण्यात किलोमागे १००० मिलिग्रॅम होतं. ओलावा ५ टक्केच असला तर २०००. तिथली माती म्हणजे जवळजवळ खडी, पाणी धरत नाही, वर तो कोरडा वारा. मी उसाला युरिया फेकावा तसा हात सैल सोडला. मीठ कैरीचं पाणी ओढतं, तसं खताने जीवाणूंचं पाणी ओढलं. उन्हाळा संपला, डिझेल होतं तिथेच.

तेव्हा काटा, चाळणी आणि छोटा ओव्हन न्या. दगड चाळून काढा, उरलेली माती तोला, १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा तोला. माती उकरून ढीग रचाल त्याच्या वरचा एक नमुना, एक पोटातला. जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, परत मोजा. हो, परत!

खणताना घाई नको. खाली कायमचा गोठलेला थर असतो, डिझेल त्यावर अडून आडवं पसरतं. वरची माती काढली की ऊन आत पोचतं, थर वितळतो आणि डिझेल आणखी खाली उतरतं. ढिगाखालचं अस्तर आधी अंथरा, मग उकरा. थंडीत तडकणारं स्वस्त प्लास्टिक चालणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या केसी तळावर असे ढीग रचलेत, आत हवेच्या नळ्या घालून. हवेशिवाय नुसतं खत फुकट.

वितळपाण्याची सोय बर्फ वितळण्याआधी करायची. केसीला पाण्याच्या वाटेत झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) आणि सक्रिय कोळशाची भिंत पुरली: पाणी पार, तेल भिंतीतच अडकतं. एवढं जमत नसेल तर उताराला निदान चर आणि बांध तरी घाला.

बाकी भराभर: बाटल्या, पेन्सिल (पेन थंडीत लिहीत नाही), ताडपत्रीवर दगड, शेजारच्या स्वच्छ मातीचा नमुना, परतीच्या जहाजाची तारीख. आणि ओलावा, खताची गोणी फोडण्याआधी. गोणी फोडायची कात्री मी आता काट्यालाच बांधून ठेवलीय.