सोयाबीनची गाठ आतून गुलाबी नसेल तर : या चुका टाळा

पेरणीनंतर तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, वापसा बघून, सोयाबीनचं एक झाड खुरप्यानं भोवतीच्या मातीसकट उकरून काढा. उपटू नका. उपटलं की बारीक मुळं तुटतात, मुळांवरच्या गाठी मातीतच राहतात, आणि आपण बांधावर उभं राहून म्हणतो, "यंदा गाठीच धरल्या नाहीत." ढेकूळ बादलीभर पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की माती आपोआप सुटते. मग मूळ तळहातावर घ्या आणि ज्वारीच्या दाण्याएवढी एक गाठ नखानं चिरा. आत ताजा गुलाबी-लाल रंग दिसला आणि नखाला त्याचा डाग लागला, तर गाठ हवेतल्या नायट्रोजनपासून पिकासाठी नत्र बनवते आहे. पांढरी निघाली तर काम अजून सुरू झालेलं नाही, किंवा आत शिरलेला जिवाणूच कुचकामी आहे. हिरवट-करडी निघाली तर काम थांबलं.

लातूर-धाराशिवकडे सोयाबीन उदंड, पण ही गाठ चिरून बघणारे थोडे. मी कृषी पदविकेच्या मुलांना शिकवतो, घरचं सोयाबीनही बघतो. "कल्चर (बियाण्याला लावायचं जिवाणू संवर्धक) लावा, युरिया टाळा" हे मुलांना पाठ असतं. का, ते विचारलं की वर्ग गप्प होतो. त्याचं उत्तर गाठीतल्या एका विकराच्या (एन्झाइमच्या) रचनेत आहे, म्हणून चुकांकडे जाण्याआधी तो विकर बघू.

गाठीतलं यंत्र

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना घट्ट धरून असतात. युरियासाठी लागणारा अमोनिया बनवताना हा बंध तोडायला कारखान्यात ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. गाठीत राहणारा रायझोबियम जिवाणू तेच काम आपल्या रानातल्या साध्या तापमानाला करतो, नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या जोरावर.

या विकराचा अणूंपर्यंतचा नकाशा १९९२ साली अमेरिकेतल्या कॅल्टेक संस्थेत डग्लस रीस आणि जोंगसन किम यांनी मांडला. त्यासाठी त्यांनी अ‍ॅझोटोबॅक्टर हा जिवाणू घेतला होता. ज्वारी-कापसाच्या बियाण्याला आपण ज्याचं कल्चर चोळतो, त्याच कुळातला. रायझोबियमच्या विकराची घडणही तशीच आहे. विकर म्हणजे प्रथिनच, आणि असा नकाशा त्याच्या स्फटिकावरून काढतात. स्फटिक म्हटलं की आपल्याला तुरटीचा खडा आठवतो, आणि तत्त्व तेच: शुद्ध केलेलं प्रथिन द्रावणातून हळूहळू बाहेर पडू दिलं की त्याचे रेणू शिस्तीत रचले जातात. त्यावर क्ष-किरण सोडले की ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि तिच्यावरून अणूंच्या जागा काढता येतात. मात्र हे सगळं हवा काढून टाकलेल्या पेटीत करावं लागतं. कारण पुढे येईलच.

विकराचे दोन भाग. मोठ्या प्रथिनात लोह आणि मॉलिब्डेनम, लहानात फक्त लोह. लहान प्रथिन एटीपीचे दोन रेणू खर्चून मोठ्याच्या हाती एक इलेक्ट्रॉन देतं आणि सुटतं. पुन्हा भरून येतं, पुन्हा देतं. नायट्रोजनच्या एका रेणूसाठी अशा आठ खेपा, म्हणजे १६ एटीपी. एटीपी म्हणजे पेशीतली खर्चायची ऊर्जा. हे सगळं होऊन एक रेणू फुटायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि विकरांच्या जगात ही चाल फार संथ आहे. म्हणून झाडाला हा विकर गाठीत प्रचंड प्रमाणात लागतो.

नायट्रोजन जिथे फुटतो तो पुंजका ७ लोह, ९ गंधक आणि १ मॉलिब्डेनमचा. त्याच्या अलीकडे ८ लोह आणि ७ गंधकाचा दुसरा पुंजका, इलेक्ट्रॉन पुढे सरकवणारा. मोठ्या प्रथिनात अशा दोन जोड्या असतात. दोन्ही टोकांना लहान प्रथिनं चिकटलेली धरली तर एका जुळणीत लोहाचे ३८ अणू होतात. हा आकडा लक्षात ठेवा.

इथे विद्यार्थ्यांसाठी एक चूक सांगतो, कारण जुन्या नोट्समधून ती अजून उतरवली जाते. मुख्य पुंजक्याच्या मध्यभागी पोकळी दाखवू नका. १९९२ च्या नकाशात तिथे काहीच दिसलं नव्हतं, कारण भोवतीच्या जड अणूंमुळे नकाशात उठलेल्या लहरींनी मधली खूण पुसून टाकली होती. २००२ साली बराच बारीक, १.१६ अँगस्ट्रॉमचा नकाशा मिळाला तेव्हा मध्ये एक हलका अणू दिसला, आणि तो कार्बन असल्याचं २०११ साली पक्कं झालं. नकाशात दिसत नाही म्हणजे तिथे काही नाही, असं धरू नये.

पान पिवळं दिसलं की युरिया फेकणं

ही सगळ्यात महाग चूक. जुलैत झड लागते, रान आठ-आठ दिवस ओलं राहतं आणि सोयाबीनचा शेंडा पिवळा पडतो. शेजारी सांगतो, "नत्र कमी पडलंय, एक पोतं टाकून द्या." आधी पान हातात घ्या. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी, आणि शिरांसकट सारखी पिवळी होतात.

आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत लोह नाही असं नाही. सामू (पीएच) वाढलेला, त्यात ओल साचलेली, म्हणून मुळांना ते उचलता येत नाही. आता ते ३८ अणू आठवा. शिवाय गाठीचा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आणि आपल्या रक्ताप्रमाणे त्यातही लोहच असतं. लोह अडलं की पान पिवळं पडतं आणि गाठही मार खाते.

अशा वेळी युरिया टाकला की उरलेल्या गाठीही थांबतात. मातीत आयतं नत्र मिळू लागलं की झाड गाठींचा साखरेचा पुरवठा आखडतं. १६ एटीपी खर्चून नत्र बनवायची त्याला गरज उरत नाही. लेगहिमोग्लोबिन उतरतं, गाठ आतून हिरवट होते. पान आठवडाभर हिरवं दिसतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. पेरणीबरोबर हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस आहे, ती गाठी चालू होईपर्यंतच्या दिवसांसाठी. गाठी चांगल्या असतील तर नंतरचा उभ्या पिकातला युरिया टाळा.

लोहासाठी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी उन्हं उतरल्यावर करा. आधी साचलेलं पाणी काढा. ते तसंच राहिलं तर नवीन पानं पुन्हा पिवळी येतात.

मॉलिब्डेनमची बाटली मात्र कुणी सांगितलं म्हणून घेऊ नका. ते आम्लधर्मी जमिनीत अडकतं. आपल्यासारख्या विम्लधर्मी जमिनीत उलट सहज मिळतं. खरी गरज माती परीक्षणावरून कळेल.

फक्त डीएपी

डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खतात नत्र आणि स्फुरद आहे, गंधक नाही. वरच्या दोन पुंजक्यांतलं गंधक मोजा: नऊ आणि सात. तेलबियांना तेलासाठी गंधक लागतं हे सगळे सांगतात. गाठीलाही लागतं हे कुणी सांगत नाही. सिंगल सुपर फॉस्फेटमधून स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक मिळतं. डीएपीच वापरायचं असेल तर गंधक वेगळं द्या.

पाणी साचू देणं

नायट्रोजिनेजचा शत्रू ऑक्सिजन. हवेत उघडं पडलं तर लहान प्रथिनाची निम्मी ताकद मिनिटाच्या आत जाते आणि परत येत नाही. स्फटिक बिनहवेच्या पेटीत वाढवावे लागतात ते यामुळे. पण १६ एटीपी बनवायचे तर जिवाणूला श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे ऑक्सिजन हवाच. ही कोंडी लेगहिमोग्लोबिन सोडवतं. ऑक्सिजन धरून जिवाणूपर्यंत पोचवतं आणि मोकळा फार थोडा राहू देतं. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो.

भारी काळ्या रानात पाणी तुंबलं की मातीतली हवाच संपते. लेगहिमोग्लोबिन वाहून नेणार काय? एटीपी थांबतं, विकर जागेवर शाबूत असून रिकामा बसतो. म्हणून सपाट पेरणीपेक्षा रुंद सरी वरंब्यावर पेरा, निदान दर चार-सहा ओळींनंतर एक चर काढा. पावसाचा खंड लांबला तरी गाठी थांबतात. तेव्हा कोळपणीनं भेगा बुजवून ओल धरून ठेवा.

कल्चर मारून मग लावणं

एका वर्षी माझ्या रानात शंभर झाडं उकरली तरी मोजक्याच गाठी सापडल्या. कल्चर लावलं होतं, मुदतही संपलेली नव्हती. मग आठवलं, दुकानात ती पाकिटं दाराशी, मे महिन्याच्या उन्हात मांडलेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात काळी भुकटी आणखी तापते. तेव्हापासून मुदतीची तारीख बघतोच, पण पाकीट कुठे ठेवलं होतं तेही विचारतो.

बाकीची काळजी अशी. बुरशीनाशक आधी लावा, वाळू द्या, कल्चर सगळ्यात शेवटी. दोन्ही एका टबात कालवू नका. भुकटी चिकटावी म्हणून गुळाचं पाणी उकळलं असेल तर पूर्ण थंड होऊ द्या, बोट बुडवून बघा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी, म्हणजे ३० किलोच्या पिशवीला ७५० ग्रॅम. द्रवरूप असेल तर किलोला १० मिली. सोयाबीनची साल फार नाजूक असते. रगडली की सुटते, जास्त पाणी लागलं की बी फुगतं. ताडपत्रीवर हलक्या हातानं वर-खाली करा, सावलीत वाळवा, त्याच दिवशी पेरा.

सूत्रकृमीच्या गाठींना रायझोबियम समजणं

रायझोबियमची गाठ मुळाला बाजूनं चिकटलेली असते, अंगठ्यानं ढकलली की निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं. ती निघत नाही, आणि चिरल्यावर गुलाबीही दिसत नाही.

हरभऱ्याला उरलेलं कल्चर

सोयाबीन निघालं की त्याच रानात हरभरा. जूनमधलं अर्धं पाकीट माळ्यावर असतं आणि मोह होतो. प्रत्येक पीक मुळातून आपल्या ओळखीच्या जिवाणूलाच आत घेतं. सोयाबीनचा रायझोबियम, म्हणजे ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम, हरभऱ्याच्या मुळाला चालत नाही, त्याला मेसोरायझोबियम लागतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जिवाणू संवर्धकं मिळतात. मागताना "रायझोबियम द्या" एवढंच न म्हणता पिकाचं नाव सांगा, आणि घरी येण्याआधी पाकिटावर 'हरभरा' छापलंय का ते वाचा.