छातीचा फोटो मशीनने वाचला, पुढे काय करायचं?

गोवंडीत छातीचे फोटो, म्हणजे एक्स-रे, काढायला लागून मला १९ वर्षं झाली. पूर्वी ओली फिल्म वाळायची वाट बघत लोक बाकड्यावर बसून राहायचे. आता फोटो निघाल्यावर मिनिटाभरात कॉम्प्युटर टीबीच्या संशयाचा आकडा देतो. तो आकडा बघून घाबरलेले चेहरे मी रोज बघते.

फोटो चांगला निघाला तरच मशीन नीट वाचेल. मंगळसूत्र, ताईत काढून ठेवा. बायकांनी वेणी वर बांधावी. खांद्यावर पडलेल्या वेणीची सावली फुप्फुसाच्या टोकावर येते, आणि मोठ्या माणसांतला टीबी बरेचदा तिथेच असतो. ‘श्वास घ्या, धरा’ म्हटलं की छाती पूर्ण भरून घ्या.

आता आकडा. ८० आला म्हणजे ८० टक्के टीबी झाला, असं नाही. सॉफ्टवेअरला फोटोतला जो भाग संशयास्पद वाटतो, तो ते रंगवून दाखवतं आणि संशय किती ते आकड्यात सांगतं. किती आकड्यापुढे बेडका तपासायचा, ती रेघ माणसांनी ठरवलेली असते आणि ती सगळीकडे सारखी नसते. म्हणून दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. १५ वर्षांवरच्या माणसांच्या टीबी तपासणीत असं सॉफ्टवेअर वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. लहान मुलांचा फोटो मात्र डॉक्टरांनीच वाचायला हवा.

आकडा मोठा आला तर बेडका द्या. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. नुसती थुंकी डबीत आणली तर तपासणी वाया जाते. सीबीनॅट मशीन साधारण दोन तासांत जंतू आहेत का ते सांगतं, आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का तेही. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते.

पूर्वी टीबी होऊन गेला असेल तर आधीच सांगा, जुनी फिल्म आणि जुने कागद घेऊन या. आमच्याकडे एक रिक्षावाले काका आले होते. आकडा मोठा, घरच्यांनी त्याच संध्याकाळी ताट-वाटी वेगळी केली. बेडक्यात काही निघालं नाही. तो दहा वर्षांपूर्वीच्या टीबीचा व्रण होता. काका माझ्यासमोर रडले, ते मी विसरू शकत नाही. आणि टीबी खरंच निघाला, तरी ताट वेगळं करायचं काही कारण नाही; तो हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

आकडा छोटा आला म्हणून खोकला अंगावर काढू नका. एका मुलीचा फोटो अगदी स्वच्छ होता. पण तिच्या मानेत गाठ होती, रोज संध्याकाळी ताप यायचा, वजन उतरलं होतं. टीबी गाठीत होता. मशीनला फक्त छाती दिसते; बाकीचं तुम्ही तोंडाने सांगायचं.

फिल्मचा मोबाइलवर फोटो काढून चॅटबॉटला ‘मला टीबी आहे का’ विचारणारे हल्ली बरेच भेटतात. काचेची चमक, आपल्या बोटांची सावली, सगळं त्या फोटोत येतं. त्यावरून निदान करू नका. रिपोर्टमधले अवघड शब्द मराठीत समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढायला जरूर वापरा. फक्त नाव आणि नंबर झाकून टाका.

कधी कधी तुमचा फोटो संशोधनासाठी ठेवायची परवानगी मागतील. सॉफ्टवेअर जुन्या फोटोंवरूनच शिकतं. क्यूअर डॉट एआयसारखी मुंबईतलीच कंपनी असं सॉफ्टवेअर बनवते, त्यामुळे आपल्या वस्त्यांतल्या, धुरा-धुळीने काळवंडलेल्या फुप्फुसांचे फोटोही त्यात असावेत असं मला मनापासून वाटतं. पण सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझं नाव काढून टाकणार का, आणि मी नाही म्हटलं तर उपचार थांबणार नाहीत ना? दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली, तरच सही करा.