पाळी जाण्याच्या काळातील निद्रानाश आणि आमवात : रात्रीची झोप कशी सांभाळावी

पाळी कायमची थांबण्यापूर्वीची काही वर्षे अनेक स्त्रियांची झोप विस्कटून टाकतात. त्यातच ज्यांना आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, त्यांची रात्र दोन्ही बाजूंनी कुरतडली जाते. आधी अंगातून गरम वाफा निघून घामाने जाग येते आणि पुन्हा डोळा लागतो न लागतो तोच पहाटे आखडलेले सांधे उठवतात. शिवाय एका त्रासावरचा उपाय दुसऱ्या त्रासाच्या आड येतो. वाफांसाठी खोली गार हवी, तर बोटांना ऊब हवी असते. सूज उतरवणारे स्टेरॉइड झोप उडवते. झोपेसाठीच्या नेहमीच्या सूचना एकाच दुखण्याचा विचार करून लिहिलेल्या असल्यामुळे त्या इथे जशाच्या तशा उचलून चालत नाही.

पायरी १ : जाग कशाने येते, ते नोंदवावे

दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. रात्री घड्याळ पाहत बसू नये. सकाळी अंदाजाने लिहिले तरी पुरते. अंथरुणावर केव्हा पडले, झोप केव्हा लागली, किती वेळा जाग आली, जाग येताच पहिली जाणीव कोणती होती, सकाळी सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागली, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि पाळी कोणत्या तारखेला आली, एवढे रकाने असावेत.

यातला ‘पहिली जाणीव’ हा रकाना सर्वांत मोलाचा आहे. छाती, मान आणि चेहरा एकाएकी तापून पांघरूण भिरकावून द्यावेसे वाटले, छाती धडधडली आणि काही मिनिटांत घाम निवून उलट हुडहुडी भरली, तर ती गरम वाफ समजावी. कूस बदलताना खांद्यातून कळ निघाली, मूठ वळेना किंवा मनगट जड वाटले, तर तो आमवात. आणि काहीही दुखत नसताना, घामही नसताना नुसतेच टक्क जागे राहणे हा तिसरा प्रकार असून त्याचा इलाज पूर्णपणे वेगळा आहे.

वेळेलाही अर्थ असतो. शरीरातले सूज आवरणारे कॉर्टिसोल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, तर आमवातात सूज वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ सारख्या घटकांचे प्रमाण उत्तररात्री वाढत जाते. म्हणूनच या आजाराचे आखडणे पहाटे आणि सकाळी अधिक जाणवते. गरम वाफांचे मूळ मात्र मेंदूत आहे. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन वरखाली होऊ लागले की शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र अतिसंवेदनशील बनते आणि किंचित उष्णता वाढली तरी घाम फोडून ती बाहेर टाकू पाहते.

पायरी २ : तिसरे काही नाही ना, याची खात्री करावी

ही पायरी गाळण्याचा मोह होतो, कारण दोन कारणे आधीच हाताशी असतात. पण रात्रीचा घाम दर वेळी पाळीमुळेच येतो असे नाही. आमवाताची अनेक औषधे प्रतिकारशक्ती दाबतात आणि त्यातल्या काही जैविक इंजेक्शनांमुळे शरीरात दबलेला क्षयरोग पुन्हा डोके वर काढू शकतो. घामासोबत ताप, रेंगाळणारा खोकला किंवा विनाकारण वजन घटणे असेल, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

पाय सारखे हलवावेसे वाटून झोप लागत नसेल, तर लोहाची तपासणी करून घ्यावी. पाळी जाण्याच्या काळात रक्तस्राव जास्त होऊन शरीरातले लोह घटू शकते. इथे एक मेख आहे. फेरिटिन हा लोहाचा साठा दाखवणारा घटक सूज असताना आपोआप वाढतो, त्यामुळे आमवात असलेल्या स्त्रीचा अहवाल वरवर ठीक दिसूनही लोह कमी असू शकते. अहवाल पाहताना ‘मला आमवात आहे, मग हा आकडा खरा धरायचा का?’ असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंगणे ही लक्षणे स्लीप ॲप्नियाची असू शकतात. पाळी जाण्याच्या काळात त्याची शक्यता वाढते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दबत असावी. थायरॉइडचीही एकदा चाचणी करावी.

पायरी ३ : आमवाताचे औषध आणि त्याची वेळ तपासून घ्यावी

सकाळचे आखडणे रोज तासभर किंवा अधिक टिकत असेल आणि सांधे सुजलेले असतील, तर आजार काबूत नाही असे समजावे. अशा वेळी झोपेवर कितीही उपाय केले तरी पहाटेची जाग थांबणार नाही. संधिवाततज्ज्ञांकडे मूळ उपचारच बदलून घ्यावे लागतील. माझ्या मते, निद्रानाशाची तक्रार घेऊन वर्षभर इकडेतिकडे फिरण्याआधी हे एक पाऊल उचलणे सर्वांत फायद्याचे ठरते.

त्यानंतर वेळेचा प्रश्न येतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दुपारनंतर घेतले जात असेल, तर ते सकाळी न्याहारीसोबत घेता येईल का, हे विचारावे. रात्री दहाच्या सुमारास घेतल्यावर साधारण चार तासांनी विरघळून पहाटेच्या आखडण्यावर काम करणारी प्रेडनिसोनची (हेही स्टेरॉइडच) खास गोळीही काही देशांत मिळते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने काहींना झोप लागत नाही किंवा विचित्र स्वप्ने पडतात, त्यामुळे तीही सकाळी घेण्याबाबत बोलून घ्यावे. वेदनाशामक संध्याकाळच्या जेवणानंतर घेतल्यास पहाट सुसह्य होऊ शकते, परंतु डॉक्टरांनी एक दिलेले असताना त्याच जातीचे दुसरे दुकानातून आणून त्यावर चढवू नये. पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना ते महागात पडते. यातला कोणताही बदल स्वतःच्या मनाने करू नये. मेथोट्रेक्सेट तर आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे, त्याचा वार चुकूनही हलवू नये.

पायरी ४ : अंग गार आणि सांधे उबदार ठेवावेत

खोली गार ठेवून ऊब फक्त सांध्यांना द्यावी, हा यातला मधला मार्ग. एका जाड पांघरुणाऐवजी दोन-तीन पातळ पांघरुणे घ्यावीत, म्हणजे दुखऱ्या बोटांनीही एकेक सहज बाजूला सारता येते. अंगात सैल सुती कपडे आणि हातापायांत पातळ सुती मोजे घालावेत. बदलायचा कोरडा कपडा हात पोहोचेल तिथे ठेवावा आणि तो पुढून उघडणारा, नाड्यांचा किंवा मोठ्या बटणांचा असावा, कारण पहाटे तीनला ओला कपडा डोक्यावरून काढताना खांदे आणि मनगटे दुखून उरलीसुरली झोपही उडते.

झोपण्यापूर्वी तास-दोन तास आधी गरम पाण्याने आंघोळ करावी. तिने सांधे मोकळे होतात आणि नंतर शरीर निवताना झोप यायला मदत होते. अगदी झोपतेवेळी केल्यास मात्र वाफ येण्याचा संभव असतो.

मनगटाला रात्री आधारपट्टी सुचवली असेल, तर ती घट्ट नसावी. झोपताना अंगठ्या काढून ठेवाव्यात. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. उताणे झोपताना गुडघ्यांखाली उशी घेतली की बरे वाटते हे खरे, पण ती रोजची सवय झाल्यास गुडघा वाकलेल्या अवस्थेतच आखडू लागतो. मानदुखीसोबत हातात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर उश्या बदलत बसू नये. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांनाही सैल करू शकतो, त्यामुळे तपासणी आवश्यक आहे.

पायरी ५ : झोपेची घडी पुन्हा बसवावी

दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये औषधाची नव्हे, तर झोपेसाठीच्या वर्तनोपचाराची शिफारस केली. तो प्रशिक्षित समुपदेशकाकडून साधारण सहा ते आठ आठवड्यांत शिकता येतो. आमवात असताना त्यात थोडी मुरड घालावी लागते.

पहिला नियम असा की, वीसेक मिनिटे झोप लागली नाही तर अंथरुणातून उठावे आणि डुलकी येऊ लागल्यावरच परत यावे. आखडलेल्या सांध्यांनी हे सोपे नसते, म्हणून तयारी संध्याकाळीच करून ठेवावी : पलंगाजवळ हातांची उंच खुर्ची, मंद दिवा, पाठीला उशी. उठणे खरोखर शक्य नसलेल्या रात्री अंथरुणातच टेकून बसून हलकेसे वाचावे. झोपण्याची धडपड थांबणे महत्त्वाचे.

दुसरा नियम अंथरुणावरचा वेळ आटोक्यात आणण्याचा. आठ तास पडून पाच-साडेपाच तासच झोप होत असेल, तर पडून राहण्याचा वेळ कमी करतात आणि झोप सलग झाली की तो हळूहळू वाढवतात. परंतु अपुऱ्या झोपेने वेदना अधिक जाणवतात, त्यामुळे तो एकदम न छाटता दर आठवड्याला पंधरा ते तीस मिनिटांनीच कमी करावा आणि आजार उफाळलेला असताना ही सुरुवातच करू नये. उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवावी. दुपारी थकव्याने पडावेच लागले, तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासापुरते पडावे. चहा-कॉफी दुपारनंतर बंद करावी. मद्य झोप तुकड्यातुकड्यांची करते, वाफा वाढवू शकते आणि मेथोट्रेक्सेटसोबत यकृतावर ताण आणते, म्हणून ते टाळलेलेच बरे.

पायरी ६ : वाफांवरचे औषध दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने घ्यावे

वाफांमुळेच जाग येते असे वहीवरून दिसल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांशी हार्मोन उपचाराविषयी बोलावे. वाफांवर तो सर्वांत परिणामकारक आहे आणि हाडांनाही आधार देतो. स्टेरॉइड घेणाऱ्या स्त्रीसाठी ही जमेची बाजू ठरते. आमवात आहे एवढ्यावरून तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र पूर्वी रक्ताची गुठळी, स्तनाचा कर्करोग किंवा हृदयविकार झाला असेल, किंवा आमवातावरची टोफासिटिनिबसारखी गुठळीचा धोका वाढवू शकणारी गोळी चालू असेल, तर ते आवर्जून सांगावे. त्वचेवरील पट्टी किंवा जेल यांनी गुठळीचा धोका तोंडी गोळीपेक्षा कमी असतो. गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही लागते. त्याचा मायक्रोनाइज्ड (अतिसूक्ष्म कणांचा) प्रकार रात्री घेतल्यास थोडी गुंगी येते, जी इथे उपयोगीच पडते.

हार्मोन नको असल्यास रात्री घ्यायचे गॅबापेंटिन किंवा काही नैराश्यरोधक औषधे कमी मात्रेत दिली जातात. मेंदूतील तापमानकेंद्रावर काम करणारे फेझोलिनेटंट अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. त्याने यकृताला इजा होऊ शकते, म्हणून ठरावीक अंतराने रक्ततपासणी करावी लागते. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या स्त्रीचे यकृत आधीच देखरेखीखाली असते, त्यामुळे हे औषध संधिवाततज्ज्ञांच्या नकळत सुरू होता कामा नये.

झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या आधाराला ठीक आहेत. गुंगीत, आखडलेल्या घोट्यांनी रात्री उठताना तोल जाऊ शकतो आणि स्टेरॉइडने पोकळ झालेले हाड साध्या पडण्यानेही मोडते. सर्दीच्या औषधातील गुंगी आणणारे घटकही यासाठी वापरू नयेत. गोळी आधीपासूनच रोज चालू असेल, तर ती एकदम न थांबवता डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्यावी.