असिसीतला पावसाचा दिवस: निघण्याआधीची तयारी

पहिली तयारी कागदावरची आहे: यादीला कात्री लावा. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतात शरद ऋतूत पाऊस लागला की दिवसभर रेंगाळू शकतो, आणि नोव्हेंबर तर तिथला सगळ्यात ओला महिना. असिसी मोंते सुबासियो या डोंगराच्या उतारावर वसलेलं आहे. नकाशावर बोटभर दिसणारं दोन चर्चमधलं अंतर प्रत्यक्षात चढ, पायऱ्या आणि ओल्या फरसबंदीतून कापायचं असतं. त्यामुळे आठ ठिकाणं लिहिली असतील तर चार ठेवा. माझी चार अशी: खाली सपाटीवर सांता मारिया देल्यी आंजेली या चर्चच्या आत असलेली पोर्झिउंकोला, वरची संत फ्रान्सिस असिसीकर यांची बॅसिलिका (मानाचं मोठं चर्च), सांता कियारा म्हणजे संत क्लारांचं चर्च आणि कोवळ्या वयात गेलेले संत कार्लो अकुतिस यांची कबर. सुबासियोवरच्या जंगलातला एरेमो देल्ले कार्चेरी हा आश्रम फार सुंदर आहे, पण तो गावापासून चारेक किलोमीटर चढावर आहे आणि तिथे झाडीतल्या वाटांवरूनच फिरायचं असतं. तो कोरड्या दिवसासाठी राखून ठेवा.

यादी ठरली की वेळा पाहा. इथे बरेच जण अडकतात. सांता कियारा आणि खालची सांता मारिया देल्यी आंजेली ही दोन्ही चर्च दुपारी काही वेळ बंद असतात. भर पावसात बंद दारापुढे तासदीड तास काढण्यासारखा दुसरा त्रास नाही. संत फ्रान्सिसची बॅसिलिका मात्र दुपारीही उघडी असते. म्हणून क्रम आपोआप ठरतो: सकाळी खालची सांता मारिया, दुपारी फ्रान्सिस, नंतर क्लारा. हिवाळ्यात वेळा बदलतात आणि रविवारी मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) जास्त असतात, तेव्हा आदल्या संध्याकाळी त्या त्या चर्चच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा सण, आणि २०२६पासून इटलीत त्या दिवशी राष्ट्रीय सुट्टी आहे. त्या सुमारास पावसातही गर्दी असणारच.

आता पायांकडे या, कारण हा दिवस पायांवरच निभतो. गल्ल्यांमधला दगड शतकानुशतकं पावलांनी घासून गुळगुळीत झाला आहे. ओला झाला की उतारावर पाय सटकतो, चढावर तितकं जाणवत नाही. रबरी, खोल खाचांचा तळ असलेले, आधी वापरून सैल झालेले बूट हवेत. नवे कोरे बूट नकोत, चामडी तळाचे तर मुळीच नकोत. जादा मोजे दोन जोड घ्या, आणि ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच.

छत्री की रेनकोट? दोन्ही घ्या, पण भिस्त रेनकोटवर ठेवा. डोंगरावर वारा आडवा येतो, आणि अरुंद गल्लीत दोन उघड्या छत्र्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. छत्री घडीची घ्या आणि ती मावेल अशी एक पिशवी सोबत ठेवा. देवळाच्या फरशीवर पाण्याचा ओघळ काढत वेदीपर्यंत जाणं बरं दिसत नाही, आणि मागून येणारा म्हातारा माणूस त्यावरच घसरतो. कपड्यांचा नियम पावसातही तोच: खांदे आणि गुडघे झाकलेले. भिजू नये म्हणून गुडघ्यापर्यंत दुमडलेली विजार आत शिरण्याआधी खाली सोडा. साडी किंवा पायघोळ सलवार नेसणार असाल तर काठ दिवसभर ओले राहतील हे धरून चाला. मी घोट्याच्या वर थांबणारं काहीतरी सुचवेन. दगडी चर्चमध्ये गारवा मुरलेला असतो, एक स्वेटर लागतोच.

पाठीवरची पिशवी लहानच ठेवा. बॅसिलिकेच्या दाराशी तपासणी होते आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. पिशवीत सुटी नाणी असू द्या: मेणबत्तीसाठी, दानपेटीसाठी, स्वच्छतागृहासाठी. बॅसिलिकेत जायला तिकीट नाही, म्हणून दानपेटीत हात जरा सैल सोडावा. छोटी दुर्बीण असेल तर जरूर घ्या, का ते पुढे सांगते. आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं असेल त्यांची नावं कागदावर शिसपेन्सिलीने लिहून आणा. शाई भिजली की नावं जातात. फोनवर नावं असली तरी कबरीपुढे फोन उघडून उभं राहावंसं वाटत नाही.

रेल्वे स्टेशन असिसी गावात नाही, खाली सपाटीवर सांता मारिया देल्यी आंजेली या वस्तीत आहे, हे आधीच मनात पक्कं करा. म्हणून सुरुवात तिथूनच. स्टेशनापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर त्याच नावाची मोठी बॅसिलिका आहे, आणि तिच्या घुमटाखाली पोर्झिउंकोला, संत फ्रान्सिसनी आपल्या हातांनी डागडुजी केलेलं इवलंसं प्रार्थनाघर. एका छपराखाली दुसरं छप्पर, पावसाच्या दिवशी याहून सोयीचं तीर्थ नाही. जवळच ती जागा आहे जिथे ३ ऑक्टोबर १२२६च्या संध्याकाळी त्यांनी प्राण सोडला. इथे घाई करू नका. वर जाण्यासाठी बसचं तिकीट चढण्याआधीच काढून ठेवा.

वरच्या बॅसिलिकेसाठी निदान दोन तास मोकळे ठेवा. तिथे एकावर एक अशी दोन चर्च आहेत. आधी खालचं चर्च. ढगाळ दिवशी ते फारच अंधारं वाटतं, आणि बाहेरून आलेला माणूस दोन मिनिटांत ‘काही दिसत नाही’ म्हणून निघून जातो. बाकावर बसा. डोळे सरावू द्या. हळूहळू छतावरचा निळा रंग उमलतो, मग चर्चच्या डाव्या बाजूच्या दालनातलं चित्रकार पिएत्रो लोरेन्झेत्तीचं, ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाचं चित्र, मग सिमोने मार्तिनीने रंगवलेलं संत मार्टिनचं कपेल, म्हणजे चर्चमधलं छोटं प्रार्थनादालन. या चर्चखाली तळघरात संत फ्रान्सिसची कबर आहे. १२३०मध्ये आणून ठेवलेलं शव इतकं खोल दडवलं होतं की १८१८मध्येच ते पुन्हा सापडलं. भोवतीच्या चार कोपऱ्यांत लिओ, रुफिनो, मास्सेओ आणि आंजेलो हे त्यांचे सोबती पुरले आहेत. तुमची नावांची चिठ्ठी इथे काढा.

वरचं चर्च उजेडाचं आहे, म्हणून ते भर दुपारी पाहावं. फ्रान्सिसच्या आयुष्यातले २८ प्रसंग, जे परंपरेने चित्रकार जोत्तोच्या नावावर आहेत, सहज नजरेच्या टप्प्यात येतात. दुर्बीण हवी ती छतासाठी. २६ सप्टेंबर १९९७च्या भूकंपात या छताचा भाग कोसळला आणि चार माणसं गेली. तुकडे वेचून, जुळवून १९९९मध्ये चर्च पुन्हा उघडलं. चित्रकार चिमाबुएने रंगवलेल्या, ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाच्या चित्रात पांढऱ्या जागा काळ्या दिसतील. त्या रंगातलं शिसं काळाच्या ओघात काळवंडलं आहे. आत फोटो काढायचे नाहीत आणि बोलायचंही नाही.

जेवण उशिराने करणार असाल तर आधी विचारून घ्या, स्वयंपाकघरं दुपारी बंद होतात. गरम तोर्ता अल तेस्तो, म्हणजे तव्यावरची जाड उंब्रियन रोटी, पालेभाजी किंवा चीज घालून मिळते. ती उभ्याउभ्याही खाता येते. मग व्हिया सान फ्रान्सेस्कोने चौकाकडे चला. वाटेत मोंते फ्रुमेंतारियो या जुन्या इमारतीची कमानदार पडवी आहे, सर आली तर तिथे थांबा. चौकात रोमन मंदिराचे सहा खांब तसेच ठेवून मागे मिनर्व्हाचं चर्च आहे, तेही आडोशाला चांगलं.

सांता कियारात फ्रान्सिसच्या अनुयायी संत क्लारा यांची कबर आहे, आणि तो क्रूसही, ज्याच्यापुढे प्रार्थना करताना तरुण फ्रान्सिसला देवाची हाक आली. हा मूळ क्रूस इथे आहे, तो आधी जिथे होता त्या गावाबाहेरच्या सान दामियानो चर्चमध्ये आता त्याची प्रत आहे. त्यामुळे ऑलिव्हच्या बागांमधून सान दामियानोकडे उतरणारी वाट टाळावी लागली तरी मन खट्टू करू नका. पाऊस थांबला असेल तर मात्र जा. क्लारा तिथेच १२५३मध्ये वारल्या. परतीचा चढ किती दमवतो याचा अंदाज घेऊन मगच उतरा.

शेवटी सांता मारिया माज्जोरे हे चर्च, कार्लो अकुतिस यांच्या कबरीचं. १५व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेलेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदाला पोहोचलेला कार्लो इथे जीन्स आणि स्पोर्ट्स शूजमध्ये निजलेला दिसतो. मुलं सोबत असतील तर हे ठिकाण यादीत वर न्या. त्यांना इथे समजावून सांगावं लागत नाही. परतीच्या बसची वेळ सकाळीच थांब्यावरून टिपून ठेवा. रविवारी बस कमी असतात, म्हणून शेवटच्या बसवर विसंबू नका, त्याच्या आधीची धरा.