उद्यमबागेतून मोठ्या कंपनीत

डिप्लोमा झाल्यावर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपला लागलो. आम्ही वीसेक माणसं. काही अडलं की मालकांना शेडमध्येच गाठायचं, ते म्हणायचे, ‘कर की!’ ऑर्डर त्यांनी आणलेली, पैसे त्यांचे, परवानगीही त्यांचीच. तीन वर्षांनी पुण्याजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत गेलो, तो हीच सवय घेऊन.

तिथं एका भागात बोअर, म्हणजे मुख्य भोक आतून मापाला कापून झाल्यावर आडवं भोक पाडायचे आणि आत बर, म्हणजे धातूची बारीक धारदार कड, राहायची. दोन पोरं दिवसभर ती हातानं काढत बसायची. आधी ड्रिल, मग फिनिश बोअर केलं की बर आपोआप निघते, हे आमच्याकडचा कुठलाही ऑपरेटर सांगेल. मॅनेजरसाहेब दोनदा ‘बघू’ म्हणाले. मी सरळ प्लँट हेडना मेल टाकला. त्यानंतर साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मनात धरलं, यांना माझी प्रगती बघवत नाही.

क्वालिटीतले निपाणीचे एक दादा होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला त्या भागाची पीपॅपची, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीची, फाइल दाखवली. भाग सुरू होण्याआधी ग्राहकानं प्रोसेस फ्लो, कंट्रोल प्लॅन, नमुन्यांची मापं असं सगळं तपासून मंजूर केलेलं असतं. ऑपरेशनचा क्रम बदलायचा म्हणजे हे कागद बदलायचे, ग्राहकाला आधी कळवायचं, पुन्हा नमुने द्यायचे. न कळवता बदललं आणि ऑडिटमध्ये सापडलं, तर जाब साहेबांना. त्यांच्या ‘बघू’मागं एवढं सगळं होतं. त्यांनी ते मला सांगायला हवं होतं, हे मी आजही म्हणेन. पण विचारायला मीही गेलो नव्हतो.

छोट्या शॉपमध्ये ग्राहक, पैसा आणि परवानगी एकाच माणसाच्या हातात असते. मोठ्या कंपनीत ती तीन खात्यांत वाटलेली असते, आणि दर खात्याचा घोर वेगळा. भिंतीवरच्या तक्त्यावरून ते कळत नाही. नवीन लागलात तर एक साधी वस्तू, समजा माप तपासायचा एखादा गेज, इंडेंटपासून, म्हणजे मागणीच्या कागदापासून, कोटेशन, परचेस, स्टोअर्स आणि अकाउंट्सपर्यंत कशी जाते ते मागं लागून बघा. कुठं अडते, कुणाच्या सहीनं सुटते, हे पंधरा दिवसांत समजेल. स्टोअर्सवाल्या काकांशी आधी ओळख करा.

आता मी परत इकडं बेळगावकडं आलोय. हत्तरगीला विमानाचे भाग बनतात, तिथं तर कच्च्या मालापासूनचा माग कागदावर लागतो. आणि आपल्या भागात कन्नड शिकाच. माझे सुपरवायझर गोकाकचे. मीटिंगमध्ये ते मोजकंच बोलतात. चहाला ‘ऊटा आय्ता?’ (जेवण झालं का?) म्हणून शेजारी बसलं, की कुठली मशीन का बंद आहे ते सगळं सांगतात.

त्या बोअरचं काम पुढं सरकलं. दिवसाला किती तास जातात, बरमुळं किती भाग परत आले, हे महिनाभर लिहून मी एका पानावर साहेबांना दिलं. ते पान घेऊन ग्राहकाकडं तेच गेले.