जुन्या संगणकावर लिनक्स घालण्यापूर्वीची तयारी

खानापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाच्या संगणकात केवळ ५१२ एमबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) आहे. एवढ्यावरही लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत संगणक प्रणाली चालते, परंतु त्याची तयारी कॅबिनेट उघडण्यापासूनच करावी लागते. इकडच्या पावसाळ्यात ओल सगळीकडे शिरते. संगणक सुरू केल्यावर पडदा काळाच राहून नुसती बीप वाजू लागली, तर यंत्र भंगारात काढण्याआधी वीजजोडणी काढावी, रॅमची पट्टी बाहेर घेऊन तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, चुरा ब्रशने झाडावा आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आपोआप लागेपर्यंत पट्टी पुन्हा दाबून बसवावी. आमचे यंत्र एवढ्यानेच सुरू झाले. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेलही तेव्हाच बदलावा, कारण तो संपला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाही. रॅम वाढवायची असल्यास जुनी पट्टी सोबत घेऊनच बेळगावच्या बाजारात जावे. डीडीआर आणि डीडीआर२ यांच्या खाचा वेगळ्या असल्याने एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

त्यानंतर प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे पाहावे. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्ये थांबवली आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यासाठी इन्स्टॉलर नाही. अशा यंत्रासाठी डेबियन १२ वर आधारलेले ३२ बिटचे अँटिक्स २३ हे हलके लिनक्स मला सर्वांत योग्य वाटते. ते पेनड्राइव्हवर उतरवून आधी लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न घालता, चालवून पाहावे. बायोस (संगणक सुरू करणारी मूळ आज्ञावली) पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करत नसेल, तर डीव्हीडी तयार ठेवावी.

डिस्क पुसण्यापूर्वी सर्वाधिक वेळ जुन्या फायलींना द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सभासदांच्या नोंदी, ठरावांची इतिवृत्ते वगैरे श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ती युनिकोड (सर्व संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धती) नसतात आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ निरर्थक अक्षरे दिसतात. म्हणून जुनी प्रणाली चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये बदलून, उघडून, वाचून घ्यावीत आणि दोन ठिकाणी जपून ठेवावीत.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कळफलकाच्या मराठी व कन्नड दोन्ही मांडण्या योजून ठेवाव्यात. आमच्या मुलांना दोन्ही भाषा लागतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचाही क असल्याने बोटांना एकदाच वळण लावावे लागते.

डिस्कवर १ जीबी स्वॅपची (रॅम भरल्यावर वापरायची) जागा राखावी आणि झेडरॅम चालू करण्याचे कागदावर लिहून ठेवावे. झेडरॅम रॅममधील मजकूर दाबून साठवते, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक काम होते. तरीही आधुनिक संकेतस्थळे जड जातीलच, म्हणून वाचकांना एका वेळी एकच टॅब उघडण्याची कल्पना आधीच द्यावी. प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनच्या दिवशी यूपीएस पूर्ण चार्ज असावा. डिस्कचे विभाजन चालू असताना वीज गेली, तर सारे पहिल्यापासून करावे लागते.