बेस गिटार आणि रॅकसाठी टिकाऊ पेटी व बॅग कशी निवडावी

पेटी सहसा भिंतीत फुटत नाही. ती कोपऱ्यात सुटते, रिव्हेटपाशी उचकटते, चाकाच्या बुडाशी चिरते. बॅगेचंही तसंच: कापड वर्षानुवर्षं टिकतं, पट्ट्याची शिवण आधी उसवते. आणि कित्येकदा पेटी शाबूत राहूनही वाद्य मोडतं, कारण ते आत हललेलं असतं. म्हणून बाहेरचा रंग आणि प्लायची जाडी पाहण्याआधी जोड कसे आहेत आणि आतली वस्तू किती घट्ट बसते, हे पाहा.

पायरी १: प्रवास कागदावर उतरवा

सामान कशातून जातं, ते उचलतं कोण, आणि वाटेत त्याच्यावर आणखी काय ठेवलं जातं, एवढं लिहून काढा. रिक्षातून तालमीला जाणाऱ्याला पेटीची गरज नाही. २० ते २५ मिमी पॅडिंगची चांगली बॅग पुरते. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर टेम्पोतून फिरणाऱ्याच्या सामानावर मात्र स्पीकर, स्टँड, केबलची भेंडोळी असं काहीही येऊन पडतं. साधा नियम ठेवा: सामान तुमच्या हातातून सुटून दुसऱ्याच्या ताब्यात जाणार असेल, तर मऊ बॅगेचा विचार सोडा.

‘फ्लाइट केस’ हा शब्द आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या कडा असलेल्या कुठल्याही पेटीला लावतात. विमान वाहतुकीच्या ‘एटीए ३००’ या निकषात पहिल्या वर्गाच्या पेटीने किमान १०० फेऱ्या टिकाव धरावा अशी अपेक्षा असते. विक्रेता ‘एटीए’ म्हणाला, तर वर्ग कोणता ते विचारा.

पायरी २: वाद्य मोजा

३४ इंच स्केलचा (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच असलेला) नेहमीचा बेस टोकापासून टोकापर्यंत साधारण ११७ सेंमी भरतो. ३५ इंच स्केलचे काही पाच तारांचे बेस १२० सेंमीच्या पुढे जातात. लांबी, बॉडीची सर्वांत जास्त रुंदी आणि ब्रिजसकट (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) जाडी, अशी तीन मापं घ्या. बॅगेची आतली लांबी वाद्यापेक्षा ३ ते ५ सेंमी जास्त असावी. त्याहून मोठी घेतली तर बेस आत घसरतो. अगदी बेतास बात घेतली तर हेडस्टॉक (खुंट्यांचं वरचं टोक) वरच्या कडेला टेकतो आणि बॅग आडवी पडताच सगळा धक्का तिथेच बसतो.

पायरी ३: रॅकचे ‘यू’ मोजा, मग खोली, मग वजन

रॅक म्हणजे ॲम्पसारखी यंत्रं एकावर एक स्क्रूने बसवायची चौकट. तिच्यातल्या यंत्राची पुढची पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी रुंद असते. उंची ‘यू’मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. समजा, पॉवर कंडिशनर १ यू, ट्यूनर १ यू, प्रीॲम्प १ यू आणि पॉवर ॲम्प २ यू आहे. बेरीज ५ यू. तरी ६ यूची पेटी घ्या. उरलेल्या १ यूमध्ये पॉवर ॲम्पच्या वर जाळीची पट्टी बसवली की गरम हवेला वाट मिळते.

उंचीचा हिशेब बहुतेक जण करतात, खोलीचा राहतो. यंत्राच्या खोलीत मागच्या केबलच्या टोकांसाठी किमान ७ सेंमी मिळवा. पुढेही रेल (यंत्राचे स्क्रू लागतात ती उभी पट्टी) पेटीच्या तोंडापासून साधारण ५ सेंमी आत हवी, नाहीतर झाकण लावताना ते नॉबवर टेकतं आणि पहिल्याच प्रवासात नॉबखालच्या पॉटची (फिरवायच्या भागाची) दांडी वाकते. ४० सेंमी खोल ॲम्प उथळ रॅकमध्ये कसाबसा बसवून मागचं झाकण उघडं ठेवून नेण्यात काहीच अर्थ नाही.

आता वजन. पुढच्या चार स्क्रूंवर लटकलेला ॲम्प म्हणजे भिंतीला एकाच बाजूने ठोकलेली फळी. ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या धाटणीच्या पॉवर ॲम्पमध्ये वजन बरंच आत असतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक पुढचे कान, म्हणजे पट्टीची स्क्रू लागतात ती टोकं, वाकतात. यासाठी मागची रेल किंवा खालून आधार देणारा एल-अँगल हवाच. स्क्रू लावल्यावर ॲम्पचं मागचं टोक हाताने वर-खाली करून पाहा. ते हललं, तर आधार अपुरा आहे. सर्वांत जड यंत्र तळाशी, हलकं वर.

स्क्रू दोन प्रकारचे भेटतात: एम ६, रेलच्या भोकात अडकणाऱ्या पिंजऱ्याच्या नटासह, आणि अमेरिकन १०-३२, थेट आटे पाडलेल्या रेलसाठी. एम ६ जाडीला ६ मिमी, १०-३२ सुमारे ४.८ मिमी. एकाच्या जागी दुसरा दामटला की आटे मरतात. तुमच्या रेलचे आठ-दहा स्क्रू जादा घेऊन ठेवा. पट्टीला ओरखडे पडू नयेत म्हणून प्लॅस्टिक वॉशरही.

व्हॉल्व्हचा हेड (काचेच्या नळ्यांचा, स्पीकर नसलेला ॲम्प) नेत असाल तर साधी पेटी पुरत नाही. अँपेगच्या एसव्हीटीसारख्या हेडचं वजन ३५ किलोच्या पुढे जातं आणि आत सहा पॉवर व्हॉल्व्ह असतात. अशा यंत्रासाठी दुहेरी पेटी घ्यावी: आतला रॅक चहूबाजूंनी फोमवर किंवा रबरी पायांवर तरंगता. मात्र फोम वजनाप्रमाणे निवडलेला हवा. फार मऊ फोम जड रॅकखाली दबून सपाट होतो, फार कडक फोम हलक्या रॅकचा धक्का तसाच आत पोचवतो. दोन-तीन किलोच्या क्लास-डी (हलक्या, व्हॉल्व्ह नसलेल्या) हेडला हा सगळा खटाटोप नको. २ यूची कडक चौकट असलेली रॅक बॅग पुष्कळ झाली.

पायरी ४: पेटीचा माल

तीन पर्याय समोर येतात. व्हॅक्युमने घडवलेलं एबीएस प्लॅस्टिक हलकं आणि स्वस्त, पण उन्हात जुनं झालं की कोपऱ्यात तडकतं. साच्यात फिरवून बनवलेलं पॉलिएथिलीन दबतं आणि परत मूळ आकारात येतं. पावसाळी प्रदेशात आणि एकट्याने उचलायच्या ४ यूपर्यंतच्या रॅकला ते उत्तम. प्लायची पेटी सर्वांत जड, पण गावात दुरुस्त होणारी तीच.

प्लाय किती जाड? रॅकला ९ मिमी योग्य. ६ मिमी फक्त पेडलबोर्ड (पायाने दाबायच्या पेडलची फळी) किंवा हलक्या वस्तूंसाठी, १२ मिमी मोठ्या कॅबिनेटसाठी, म्हणजे स्पीकरच्या खोक्यासाठी. ५३ × ५० × ३५ सेंमीच्या पेटीला ९ मिमीचा नुसता प्लायच सुमारे ८ किलो भरतो; १२ मिमी घेतला तर साडेदहा. ॲल्युमिनियम, कड्या, चाकं वेगळीच. यंत्रांसह एकूण वजन ३२ किलोच्या वर जाऊ लागलं तर दोन लहान रॅक करा. जड पेटी लोक ठेवत नाहीत, टाकतात.

पायरी ५: कोपरे, कड्या, चाकं

टिकाऊपणा ठरतो तो इथे, म्हणून इथे वेळ घ्या.

कोपऱ्यावर पोलादी गोळे हवेत, पातळ पत्र्याचे नव्हे. रिव्हेट आतून पाहा: मागे वॉशर नसेल, तर डोकं प्लायमधून आरपार ओढलं जातं. झाकणाच्या कडेला नर-मादी पट्टी असते. दोन्ही एकमेकींत बसल्यावर झाकण आडवं सरकत नाही आणि कड्यांवर ताण येत नाही. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण बंद करा आणि ओढा. चारही बाजूंना कागद अडकला पाहिजे. एका बाजूने सुटला, तर पेटी तिरकी आहे. धूळ आणि पाणी तिथूनच शिरणार.

बटरफ्लाय कड्या (फुलपाखरासारखी मूठ फिरवून लागणाऱ्या) पेटीच्या पृष्ठभागापासून आत बसलेल्या हव्यात, म्हणजे दुसरी पेटी घासली तरी तुटत नाहीत. रॅकच्या प्रत्येक झाकणाला निदान दोन, मोठ्या पेटीला चार. मुठी स्प्रिंगच्या आणि रबर चढवलेल्या. २० किलोच्या पुढे दोन्ही बाजूंना.

चाकांची घाई करू नका. लहान रॅकला जडवलेली ५०-६० मिमीची दोन चाकं सभागृहाच्या फरशीवर छान चालतात, मैदानातल्या खडीत रुततात. खडीवर आणि पेव्हर ब्लॉकवर पेटी ओढली की यंत्रांचे स्क्रू सैल होतात, व्हॉल्व्ह खुळखुळतात. चाकं हवीच असतील तर १०० मिमीची चार घ्या, त्यांतल्या दोन ब्रेकच्या. ती लाकडी स्क्रूवर नकोत. आरपार बोल्ट, आतून नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट, आणि तळाला जादा १२ मिमी फळी.

फोमकडेही लक्ष द्या. स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) फोम दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन चुरतो आणि तो चुरा जॅकमध्ये जातो. बंद पेशींचा पॉलिएथिलीन किंवा इव्हा फोम पाणी शोषत नाही. वाद्यावर नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश असेल तर रबर आणि पीव्हीसीचा थेट स्पर्श टाळा. पॉलिश मऊ होऊन डाग पडतात.

पायरी ६: बेसची बॅग

लेबलवरचा ६०० डी किंवा १६८० डी हा आकडा धाग्याची जाडी सांगतो. जास्त आकडा घासण्याला टिकतो. आपटण्यापासून वाचवणं त्याचं काम नाही. ते काम तीन जागा करतात.

पहिली, तळ. बेस उभा ठेवला की सगळं वजन खालच्या स्ट्रॅप बटणावर (गळ्यातला पट्टा अडकवायच्या गुंडीवर) येतं. तिथे ३ ते ४ सेंमी कडक फोम आणि बाहेरून रबरी बूट नसेल, तर बटण एक दिवस बॅगेतून बाहेर डोकावतं आणि त्याच्याभोवतीचं लाकूड चिरतं. दुसरी, नेकखालचा (वाद्याच्या दांडीखालचा) आधार. बॅग पाठीवर पडली तर हेडस्टॉक अधांतरी राहावा, यासाठी नेकला खालून उशी हवी. मागे कललेल्या हेडस्टॉकच्या बेसना, उदाहरणार्थ गिब्सन थंडरबर्ड, ही उशी नसली तर नटपाशी (नेक आणि हेडस्टॉक जुळतात तिथे) तुटण्याचा धोका मोठा. तिसरी, पट्ट्यांची मुळं. पट्टा पाठीला शिवतो तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण शोधा. नुसती सरळ शिवण असेल तर ती बॅग घेऊ नका.

चेन ८ किंवा १० नंबरची, आणि ब्रिजच्या बाजूला आतून झालर असलेली, म्हणजे दात वाद्याला घासत नाहीत.

दुकानात स्वतःचा बेस घेऊन जा. तो आत ठेवा, नेकचा पट्टा लावा, चेन बंद करा, बॅग आडवी धरून हलवा. आतून धप्प आवाज आला किंवा बेस फिरलेला जाणवला, तर माप चुकलंय.

पाणी न धरणारं कापडही सुईच्या भोकांतून आणि चेनमधून गळतं. वेगळं रेन कव्हर घ्या. घरी बॅगेत कोरडा टिश्यू कागद पसरा, कव्हर चढवा, दोन मिनिटं तांब्याने पाणी ओता आणि कागद तपासा. कोकण-गोव्याच्या पावसात भिजलेली बॅग बंद ठेवून झोपू नका; रात्रभरात तारांना गंज आणि अस्तराला बुरशी धरते. बेस बाहेर काढा, बॅग उलटी करून पंख्याखाली वाळवा.

पायरी ७: रेल्वे, विमान, टेम्पो

रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-टायर एसीत ४० किलो सामान मोफत नेता येतं, पण डब्यात न्यायच्या ट्रंकेच्या मापाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी आहे, थ्री-टायर एसीत त्याहूनही कमी. बेस त्याहून लांब. ब्रेक व्हॅनमध्ये टाकणार असाल तर कडक, कुलपाचीच पेटी. नाव-पत्ता बाहेर दोन बाजूंना आणि एक चिठ्ठी आत.

विमानात केबिन बॅगेचं माप साधारण ५५ × ३५ × २५ सेंमी असतं, त्यात बेस बसण्याचा प्रश्नच नाही. खाली टाकायच्या सामानाला तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंमी ही नेहमीची मर्यादा; १२० × ४० × १५ची पेटी १७५ होते. तिकीट काढतानाच विमान कंपनीशी बोला. तारा दोन-तीन अर्धस्वर उतरवा, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना मऊ कापड कोंबा. वायरलेसच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

टेम्पोत कॅबिनेट केबिनच्या बाजूला टेकवून, रॅक चाकांवर नव्हे तर बुडावर, आणि सगळं रॅचेट पट्ट्याने आवळलेलं. चाकाचा ब्रेक म्हणजे बांधणं नव्हे. बेसची पेटी दोन कॅबिनेटच्या मध्ये कडेवर उभी ठेवा, वर काही नको. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत वाद्य सोडून जेवायला जाऊ नका. आतली उष्णता डिंकाचे जोड सैल करू शकते.

पेटी आली की पहिल्या प्रवासानंतर रॅकचे सगळे स्क्रू, चाकांचे नट आणि कड्या एकदा हाताने तपासा, कारण नव्या पेटीत लाकूड आणि फोम बसताना पहिली ढिलाई येते. पुढे दर दहा कार्यक्रमांनी. झाकणात एक छोटी पिशवी चिकटवा: जादा स्क्रू, दोन नायलॉक नट, पाना, कडीसाठी वायरचा तुकडा आणि पाच केबल टाय.